पट्टीखालचं नाव

अठ्ठ्याऐंशी साली ज्या घरात टेपरेकॉर्डर होता, त्या घरात ‘निळा जिना’ ही कॅसेट असायचीच. पुण्यातल्या चार कॉलेजकुमारांनी केलेली आठ गाणी. लग्नाच्या मांडवात, रसवंतीगृहात, शाळेच्या स्नेहसंमेलनात, जिथं जावं तिथं तीच. गाणी चांगली होती, यात वाद नाही. पण खरं सांगायचं तर निम्मे लोक आधी कव्हरच्या प्रेमात पडले आणि मग गाणी ऐकू लागले.

कव्हरवर एक निळा लाकडी जिना होता. सगळ्यात वरच्या पायरीवर पाठमोरी बसलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी. दोन वेण्या, लाल रिबिनी, त्यातली एक सुटत आलेली. एक चप्पल पायात आणि दुसरी तीन पायऱ्या खाली पालथी पडलेली. मुलीच्या पुढं उघडं दार आणि दारात नुसता उजेड. बस, एवढंच. पण त्या एवढ्यावर लोकांनी अडतीस वर्षं भांडण चालवलं. मुलगी कुणाची वाट बघते? दारापलीकडं काय आहे? चप्पल पालथी का? आता तर फेसबुकवर त्याचा एक गटच आहे आणि त्यात चांगली शिकली-सवरलेली माणसं तावातावानं पायऱ्या मोजत बसतात.

ती मुलगी सध्या सत्तेचाळीस वर्षांची आहे, कागलच्या एका शाळेत भूगोल शिकवते आणि गुडघे दुखतात म्हणून जिने टाळते. तिचं नाव क्रांती. शिक्षकांच्या खोलीत तिनं एकदा हे सांगून बघितलं होतं. सगळे हसले, एकानं तर वेण्या दाखवा म्हटलं. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही.

चित्र काढलं होतं तिच्या वडिलांनी. मंगळवार पेठेतले आकाराम पेंटर. मूळ धंदा सिनेमाच्या बॅनरचा. वीस-वीस फुटांची तोंडं, रक्ताळलेली कपाळं, बंदुका. थेटराबाहेर लागलेलं त्यांचं एक बॅनर बघून कॅसेट कंपनीचा माणूस विचारत विचारत घरी आला आणि काम देऊन गेला. त्याच वर्षी क्रांतीची आई गेली होती. घरात दोघंच. मॉडेल म्हणून पोरीला जिन्यावर बसवलं. पाठमोरी का, असं नंतर कुणी विचारलं की आकाराम सांगायचे, ‘वेण्या दिसाव्यात म्हणून.’ क्रांतीलाही तेच खरं वाटायचं.

आकारामांनी सही केली होती, उजव्या कोपऱ्यात, खालच्या पायरीवर, तांबड्या रंगात. कंपनीनं कव्हर छापताना नेमकी त्याच कोपऱ्यावर आपल्या नावाची काळी पट्टी मारली. आतल्या कागदावर ‘चित्र: कला विभाग’. झालं. लाखो घरांत चित्र गेलं आणि चित्रकार पट्टीखाली राहिला. मूळ चित्र तेवढं कंपनीनं पेपरात गुंडाळून परत पाठवलं, ते आकारामांनी काचेच्या फ्रेममध्ये घालून मधल्या खोलीत लावलं.

आकाराम कंपनीशी भांडले नाहीत. भांडायला जायचं कुठं, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. पण कुणाच्याही घरी ती कॅसेट दिसली की ते उचलायचे, काळ्या पट्टीवर अंगठा घासायचे आणि म्हणायचे, “माझं नाव ह्याच्याखाली हाय.” लोकांना ती गंमत वाटायची. क्रांतीला लहानपणी लाज वाटायची आणि मोठेपणी राग यायला लागला. राग आकारामांचा नव्हे, त्या पट्टीचा.

दोन वर्षांपूर्वी आकारामांचं विसरणं सुरू झालं. डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक नाव दिलं. शेजारच्या बनाबाईंनी चार शब्दांत आटपलं, “डोक्यातलं पुसाय लागलंय त्येंच्या.” माणसं गेली, वार गेले, जेवलो की नाही ते गेलं. अक्षरं मात्र राहिली. रस्त्यावरची प्रत्येक पाटी ते अजून मोठ्यानं वाचायचे आणि काना वाकडा असेल तर पेंटरला शिव्या घालायचे.

म्हणूनच क्रांतीला घाई झाली होती. ‘निळा जिना’ची मोठी तबकडी नव्यानं निघणार, ही बातमी तिनं वाचली आणि नव्या कंपनीला ईमेलवर ईमेल पाठवायला सुरुवात केली. दीड वर्ष कुणी दाद दिली नाही. शेवटी सम्राट नावाच्या एका तरुणाचा फोन आला. कव्हरचं काम त्याच्याकडं होतं. अडचण अशी होती, की मुंबईत त्या वेळच्या कला विभागप्रमुखाच्या घरच्यांनीही चित्रावर हक्क सांगितला होता.

“ताई, तुम्ही पाठवलेला फोटो मी दाखवला,” सम्राट म्हणाला. “वकील म्हणतात, फोटोत सही काय, आजकाल कुणीही घालतं. मूळ चित्र बघायला पाहिजे. मी शनिवारी स्वतः येतो. सही दिसली की नाव छापायचं माझ्याकडं लागलं. फक्त एक करा, काच काढून ठेवा. स्कॅन करायला बरं पडेल.”

क्रांतीला एवढंच हवं होतं. आबांचं नाव कव्हरवर, आणि आबांना ते वाचता येतंय तोवर. त्यापलीकडं तिचं काही मागणं नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी तिनं फ्रेम खाली उतरवली, मागचे खिळे पक्कडीनं वाकवले आणि काच अलगद बाजूला केली. अडतीस वर्षांनी चित्राला वारा लागला. निळा रंग इतका ताजा होता, की तिला हात लावायची भीती वाटली. आकाराम कॉटवर बसून बघत होते. तिनं चित्र भिंतीला टेकवून जमिनीवर उभं केलं आणि वरून आपली एक जुनी साडी टाकली.

इथंच चुकलं. पण हे तिला कसं कळावं? बॅनरवाल्यांच्या घरात भिंतीवर टांगलेलं असतं ते चित्र, आणि जमिनीवर भिंतीला टेकवून, कापड टाकून ठेवलेलं असतं ते काम. ती त्या घरातच वाढली होती, पण कामाला बसली नव्हती. शिवाय दुसरा दिवस गुरुवार होता. थेटरात पिक्चर बदलायचं शुक्रवारी. म्हणून गुरुवारी जुनी बॅनरं उतरवून आणायची, भिंतीला लावायची आणि त्यांच्यावर सफेदा मारायचा, म्हणजे त्याच कापडावर नवीन तोंडं काढता येतात. आकारामांनी चाळीस वर्षांतला एक गुरुवार चुकवला नव्हता. कालपरवापर्यंत गाजलेल्या हिरोच्या डोळ्यांवरून ते पांढरा ब्रश असा फिरवायचे, की बघणाऱ्यानं तोंड फिरवावं. त्यांना मात्र काही वाटायचं नाही.

गुरुवारी क्रांती साडेपाचला कागलहून आली तेव्हा बनाबाई दारातच लसूण सोलत बसल्या होत्या. दिवसभर आकारामांकडं लक्ष ठेवायचं काम त्यांच्याकडं होतं आणि आज त्या भलत्याच खुशीत होत्या.

“आज लई शान्यावानी ऱ्हायले बघ,” त्या म्हणाल्या. “सकाळधरनं सफेदा, सफेदा करत हुते. मी म्हटलं कशाला जीव खातायसा. दिवाळीतला डिस्टेंपरचा डबा हुता की तुमचा मोरीवर, त्यो काढून दिला. मग गप कामात. जेवाय बी हाका माराय लागल्या.”

चप्पल न काढताच क्रांती मधल्या खोलीत गेली.

साडी घडी घालून खुर्चीवर ठेवलेली होती. चित्राच्या जागी एक पांढरा चौकोन भिंतीला टेकून उभा होता. आकाराम शेजारी पाटावर बसून ब्रश फडक्यानं पुसत होते. काम एक नंबर झालं होतं. कुठं ओघळ नाही, ब्रशाचा फराटा नाही, खालचा रंग वर आलेला नाही. जिना गेला होता, मुलगी गेली होती. तांबडी सही तर कुठल्या कोपऱ्यात होती हेसुद्धा सांगता आलं नसतं.

“आबा, हे काय केलंसा?”

“उद्या शुक्रवार न्हवं का?” आकाराम म्हणाले. “पिक्चर बदलायचं. नवं कुठलं लागतंय, फोटो आलं का थेटरातनं?”

तिला ओरडायचं होतं. पण ओरडायचं कुणावर? बनाबाईंनी डबा दिला तो म्हाताऱ्याचं मन रमावं म्हणून. आबांनी आपलं काम केलं. आणि काच काढली कुणी? तिनंच. रागाला कुठं जागाच नव्हती, तो तिच्याच छातीत फिरत राहिला.

मग तिला वाटलं, डिस्टेंपर पाण्यातलं असतं, अजून नीट वाळलंही नसेल, हलक्या हातानं पुसलं तर निघेल. तिनं सुती फडकं भिजवून पिळलं आणि वरच्या कोपऱ्यात अगदी बोटभर जागा पुसली. पांढरं निघालं. खाली दाराचा पिवळट उजेड दिसला. तिला हुरूप आला. सही उजव्या कोपऱ्यात, एवढी तरी निघू दे, म्हणून तिनं तिथं फडकं लावलं आणि दोनदा फिरवलं. पांढरं निघालं, त्याच्याबरोबर निळं निघालं आणि निळ्याबरोबर थोडंसं तांबडं. फडक्यावर सगळ्याचा मिळून एक जांभळट डाग पडला. चित्रावर त्या जागी नुसता पुठ्ठा दिसत होता.

बॅनर ऑइलमध्ये रंगवतात. हे चित्र छपाईसाठी म्हणून आकारामांनी पोस्टर कलरमध्ये काढलं होतं, म्हणजे पाण्याच्या रंगात. हेही तिला माहीत होतं. त्या क्षणी आठवलं नाही, एवढंच. सफेदा आबांनी मारला होता, पण सही पुसली ती तिनं.

“ओलं असताना पुसू ने, पोरी,” आकाराम मागून शांतपणे म्हणाले. “वाळू द्यावं.”

ती तिथंच फरशीवर बसली, आणि बनाबाई चहा घेऊन आल्या तरी उठली नाही.

सम्राटला फोन करायचा धीर तिला दुसऱ्या दिवशी सकाळी झाला. तिनं काही लपवलं नाही. अर्ध्या तासानं त्याचाच उलट फोन आला.

“मी तरीही येतो,” तो म्हणाला. “वकिलांशी बोललो. आजोबांनी कॅमेऱ्यासमोर स्वतः सांगितलं, की चित्र मी काढलंय, कसं काढलं, तर त्याचा काहीतरी उपयोग होईल. पण अट आहे ताई. रेकॉर्डिंग मध्ये तोडायचं नाही आणि मध्ये कुणी बोलायचं नाही. तुम्हीसुद्धा. शिकवल्यासारखं दिसलं की संपलं.”

बुडत्याला काडी मिळाली म्हणायची. क्रांतीनं शाळेत रजा टाकली आणि शुक्रवारभर वडिलांना विचारत राहिली. घरातली जुनी कॅसेट त्यांच्या हातात द्यायची आणि म्हणायचं, “आबा, हे चित्र कुणी काढलं?”

सकाळी ते म्हणाले, “मीच की. तुला बसवली नव्हती व्हय जिन्यावर?” क्रांतीनं त्यांचे हात धरले, तिला हसू आणि रडू एकदम आलं. दुपारी विचारलं तर म्हणाले, “मीच.” चारला विचारलं तर म्हणाले, “कोण तू? बँकेतनं आलीयास?” दिवेलागणीला पुन्हा म्हणाले, “मीच.” तिनं मनातल्या मनात हिशेब मांडला. सकाळ चांगली जाते. सम्राटला सकाळीच बोलावू.

शनिवारी दहाला सम्राट आला. तिशीतला, सडसडीत, खांद्याला कॅमेऱ्याची पिशवी. आल्या आल्या आकारामांच्या पाया पडला. पांढऱ्या पुठ्ठ्याकडं एकदाच बघितलं आणि नजर वळवली. मग खिशातून एक कॅसेट काढली, कव्हरचे कोपरे झिजलेले.

“आईची आहे,” तो क्रांतीला म्हणाला. “ती आजारी असताना मी हे कव्हर बघत तिच्या उशाला बसायचो. ती गेल्यावरही ही कॅसेट मी कुणाला दिलेली नाही. चित्र ज्यांनी काढलं ते भेटतील असं वाटलं नव्हतं.”

हा माणूस आपल्या बाजूचा आहे हे तिला कळलं आणि त्यामुळं जास्तच धाकधूक वाटायला लागली.

कॅमेरा स्टँडवर लागला. क्रांती दाराजवळ स्टुलावर बसली, तोंडावर हात ठेवून. सम्राटनं कव्हर डबीतून काढून आकारामांच्या हातात दिलं आणि विचारलं, “आजोबा, हे चित्र बघा. ओळखता का?”

आकारामांनी चष्मा लावला. कव्हर जवळ घेतलं, लांब धरलं, उजेडाकडं तिरकं केलं. चेहरा बदलला. कित्येक महिन्यांत क्रांतीनं त्यांचा हा चेहरा बघितला नव्हता. हा कामावरचा चेहरा होता.

“लई भारी काम हाय हे, पावणं,” ते म्हणाले. “ह्यो निळा बघा. एक निळा न्हाय ह्यो. खालच्या पायरीला काळपट, वर जाईल तसा दुधाळ. जिना चढतोय आपण, असं डोळ्याला वाटतंय. आन् ही रिबिनीची गाठ. फोटोवरनं काढणाऱ्याला अशी गाठ काढाय येत न्हाय. पोरगी फुडं बसवून काढलीया.”

सम्राटनं मान डोलावली. क्रांतीचा श्वास मोकळा झाला. किती छान बोलत होते ते.

“ती मुलगी कुणाची वाट बघतेय, आजोबा?” सम्राटनं विचारलं. हा प्रश्न त्याच्या कागदावर नव्हता. तो त्याचा स्वतःचा असावा.

“वाट कसली बघतीया?” आकाराम म्हणाले. “चप्पल बघा की, पालथी हाय. पळत वर गेलीया ती. वाट बघाय कोण पळत जातं व्हय? तोंड दावायचं न्हाय कुणाला म्हणून गेलीया. रडतीया पोरगी.”

“पण पाठमोरी आहे. रडते हे कसं कळलं?”

“डावा खांदा बघा. वर चढलाय, मान आत घेतलीया. हुंदका दाबताना माणूस असंच करतं.” त्यांनी नखानं हवेतच तो खांदा गिरवून दाखवला. “काढणाऱ्याला दिसलंय ते. पर बोलला न्हाय. बोलला असता तर दोघंबी रडत बसली असती आन् चित्र ऱ्हायलं असतं.”

क्रांतीनं तोंडावरचा हात आणखी घट्ट दाबला. त्या दिवशी तिच्या वेण्या बनाबाईंनी घातल्या होत्या. आईसारख्या जमल्या नव्हत्या, एक रिबीन सारखी सुटत होती. म्हणून ती जिन्यावर पळत गेली होती आणि आबांनी हाक मारली तेव्हा तोंड फिरवायला नको म्हणून तशीच बसून राहिली होती. खालून आवाज आला होता, “बस तशीच. हलू नको.” आबांना काही कळलं नाही, असं ती अडतीस वर्षं समजत होती. आपलं रडणं लाखो घरांच्या भिंतींवर आणि टेबलांवर पडून होतं, आणि ते फक्त एका माणसाला दिसलं होतं.

“आजोबा,” सम्राट पुढं झुकून म्हणाला, “मग हे चित्र काढलं कुणी?”

आकारामांनी चष्म्यावरून त्याच्याकडं बघितलं.

क्रांतीला वाटलं, आता म्हणतील. मीच की. दोन शब्द. काल तीनदा म्हणाले होते.

“कुणी काढलंय ठावं न्हाय बा,” आकाराम म्हणाले.

“तुम्ही तर नाही ना काढलं?”

“मी?” ते हसले. अगदी मनापासून, समोरच्यानं उगाच मोठेपणा दिल्यावर माणूस हसतो तसे. “न्हाय, न्हाय. आमी बॅनरवाली माणसं, वीस फुटाची तोंडं काढणारी. एवढं नाजूक काम आमच्यानं हुईत न्हाय.”

क्रांती स्टुलावरून अर्धवट उठली. सम्राटनं कॅमेऱ्यामागून तिच्याकडं बघितलं आणि किंचित मान हलवली. बोललात तर संपलं. पण न बोलूनही संपतच होतं. ती पुन्हा खाली बसली. त्या चित्रातलं इतकं आजवर कुणाला दिसलं नव्हतं, आणि ज्याला दिसलं तो आपल्या तोंडानं, कॅमेऱ्यासमोर, ते माझं नाही म्हणून सांगत होता. मुंबईच्या त्या विभागप्रमुखाच्या घरच्यांना आणखी काय हवं होतं?

“पर पावणं, एक करा,” आकाराम गंभीर होत म्हणाले. “ज्यानं काढलंय त्येचं नाव घाला वर. नाव न घालता असलं काम छापू ने. लई वंगाळ वाटतंय माणसाला.”

“नावच तर शोधतोय, आजोबा.”

“असंल की ह्याच्यावरच.” आकारामांनी कव्हर पुन्हा डोळ्यांजवळ नेलं. अंगठा आपोआप उजव्या कोपऱ्यात गेला, काळ्या पट्टीवर. “ह्याच्याखाली असंल बघा. पट्टी मारलीया वरनं कुणीतरी.”

ते अंगठ्याच्या नखानं पट्टी खरवडू लागले. सावकाश, एका बाजूनं, खालच्या रंगाला धक्का लागू नये अशा बेतानं. सम्राटच्या आईचं कव्हर होतं ते. सम्राट त्यांना थांबवू शकत होता, पण थांबवलं नाही. कॅमेऱ्याचा लाल दिवाही चालूच होता. काळ्या शाईचा भुगा आकारामांच्या धोतरावर पडत राहिला. हळूहळू पट्टी निघाली आणि तिच्याखालून कोरा पांढरा कागद निघाला.

आकारामांनी तो उजेडाकडं धरून बघितला. मग क्रांतीकडं वळून म्हणाले, “बाई, तुमची नजर चांगली हाय. वाचा बघू, काय नाव हाय त्येचं?”